उजेडाचा ताजा कलम

कुरखेडा, ३ नोव्हेंबर २००८, सोमवार
लॅपटॉप विसरभोळा आहे. पडद्याचा उजेड मंद करून ठेवते. बंद करून पुन्हा लावला की ट्रकच्या हेडलाइटसारखा अंगावर येतो. डोळ्यांतून पाणी. साधनाला फोन केला. पोटची मुलगी, पण म्हणते, विंडोजऐवजी घालून दिलेलं लिनक्स झेपत नसेल तर रविवारी लॅपटॉप परत नेते. झेपत नसेल! जन्मभर इंग्रजी शिकवलंय मी. रविवारच्या आत याला वळण लावीन.

४ नोव्हेंबर
इंटरनेटवर उपाय सापडला. मशीन सुरू होताना एक फाइल वाचतं, तिच्यात उजेडाची आज्ञा लिहायची. शेवटची ओळ आहे 'एक्झिट'. म्हणे तिच्या वर लिहा. दुसऱ्याच्या मजकुरात घुसायचं? कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेटनं शिकवलंय, सहीनंतर आठवलेलं सहीखाली, ताजा कलम म्हणून. मी खाली लिहिलं. स्पेलिंग निर्दोष.

५ नोव्हेंबर
हेडलाइट. लिनक्सवाल्यांचं इंग्रजीच कच्चं.

६ नोव्हेंबर
तीच ओळ दोनदा लिहिली. वर्गातही दोनदा सांगावं लागायचं. ढिम्म.
निर्णय: मशीन बंदच करायचं नाही. मग विसरेल कसं?
संध्याकाळ: लोडशेडिंग. बॅटरी गेली. मशीन बंद.

७ नोव्हेंबर
गॉगल लावून मेल वाचले. शेजारची गुणाबाई धान कापून येताना दारात थबकली. "बाई, घरात काऊन काळा चष्मा? मोतीबिंदू झाला का?"
हो म्हणाले. लिनक्स समजावण्यापेक्षा सोपं. कोणाला सांगू नकोस, असं बजावलं. "मी कोणाले सांगून राह्यली?" म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार
साधना आली. गुणाबाईनं तिला बसस्टँडवरच गाठलं होतं. मोतीबिंदू खोटा म्हणावं, तर गॉगल कशाला ते सांगावं लागलं असतं. मोतीबिंदू राहू दिला.
फोनवरची तक्रार आठवून साधनानं ती फाइल उघडली. हसली. माझी एक ओळ उचलून वर ठेवली, दुसरी पुसली. "आई, एक्झिट म्हटलं की ते वाचणं थांबवतं. तुझा ताजा कलम कोण वाचणार?"
बंद करून लावला. मंद, सुखाचा उजेड. तस्साच राहिला.
मग लॅपटॉप तिच्या बॅगेत गेला. मोतीबिंदूला पडदा वाईट म्हणे. बुधवारी गडचिरोलीला डोळ्यांचा डॉक्टर. सोबत गुणाबाई.
आजचं लिखाण समाप्त.

ता. क. मला मोतीबिंदू नाही.