सोबतीचे घर

धायरी, पुणे
रविवार, २८ नोव्हेंबर १९९९

चि. कचरू यास शालनताईचा सप्रेम जयभीम. इकडे ठीक. तुम्हा तिघांची खुशाली कळव.

आज पाणी उशिरा आले. कपडे धुऊन हॉस्पिटलच्या मागच्या हॉलमध्ये पालक मंडळाच्या बैठकीला गेले. रक्त देणाऱ्यांना फोन केले. परत येताना भाजी घेतली.

अपेक्षाची तारीख गेल्या सोमवारी होती. तुम्ही आला नाहीत. मंगळवारी येतील, बुधवारी येतील म्हणून मी थांबले. डॉक्टरबाईंनी दोनदा विचारले. पहिल्यांदा म्हटले, गाडी चुकली असेल. दुसऱ्यांदा म्हटले, पत्र लिहिते.

तिचे रक्त स्वच्छ आले, ती घरी खेळते आहे, हे मला कळते. पण रक्ताच्या कॅन्सरचा आजार असा महिन्याभरात जात नाही. तो अंगात दडून राहतो, म्हणून पुढची औषधे दोन-अडीच वर्षे चालतात. हे तुला माझ्यादेखत सांगितले आहे. मूल बरे दिसते म्हणून या टप्प्यावर घरी नेलेली मुले मी मंडळात पाहिली आहेत. ती परत आली तेव्हा आजारही परत आला होता.

शाळेची अडचण असेल तर आम्रपाली आणि अपेक्षाला गाडीत बसवून दे. आमचे हे स्टेशनवर येतील. मागच्यासारखे आपल्या घरी राहतील. माझ्या राकेशची खाट आहेच. तो जाऊन जानेवारीत दोन वर्षे होतील. अपेक्षा आली तेव्हाच काय ती खाट वापरात आली.

लवकर कळव. पत्रापेक्षा तुम्हीच आधी आलात तर बरे.

तुझी
शालनताई


वरुड
४ डिसेंबर

ती. ताईस कचरूचा मनापासून जयभीम.

अपेक्षा मजेत आहे. डोक्यावर केसांचे खुंट आलेत. शेजारची पोरे तिला साळिंदर म्हणतात आणि ती त्यांच्या डोळ्यांत संत्र्याच्या सालीची चिळकांडी उडवते. तिच्या तक्रारी घेऊन रोज कोणी ना कोणी येते. अशा धडधाकट पोरीला पुन्हा सुया टोचायला न्यायचे, तर तिला काय सांगून नेऊ? इथल्या डॉक्टरनेही रक्त पाहिले, चांगले आहे म्हणाला. परवा सहा डिसेंबरचा कार्यक्रम माझ्याकडे आहे, मग शाळेची तपासणी. जानेवारीत बघू.

ताई, रागावू नको, पण एक विचारतो. राकेशची एकही तारीख तू चुकवली नव्हतीस ना?

भाऊजींना जयभीम. तुझा राग माझ्यावर असू दे, पोरीवर नको.

तुझा
कचरू


धायरी
१० डिसेंबर

चि. कचरू यास जयभीम.

नाही, एकही चुकवली नव्हती. तरी तो गेला. सगळे करूनही काही मुले जातात. मधेच औषध सोडून वाचलेले मूल मात्र मी अजून पाहिलेले नाही. याहून जास्त मला यावर लिहिता येत नाही.

आम्रपाली काय म्हणते? तुझ्या पत्रात कार्यक्रम आहे, तपासणी आहे, तिचे नाव कुठेच नाही. तिला दोन ओळी लिहायला सांग.

ताई


वरुड
१५ डिसेंबर

ती. ताईंना आम्रपालीचा जयभीम.

ह्यांनी तुमचे पत्र वाचून दाखवले. तपासणीचे वगैरे खरे नाही. येणार नाही असे मीच म्हटले. हे माझ्यावर पांघरूण घालत होते.

तुमच्या घरी मला काही कमी नव्हते. तुम्ही माझ्याआधी उठून पाणी उकळून ठेवायच्या. अपेक्षाला राकेशच्या ताटलीत भरवायच्या. तिने दोन घास जास्त खाल्ले की तुमचा चेहरा उजळायचा. पण ताई, मी रोज तुमच्याकडे बघायची आणि मला वाटायचे, उद्या मी अशीच दिसणार. अशीच कोणाशी न बोलता भांडी घासणार. अपेक्षा विचारायची, दादालापण सुया टोचल्या होत्या का, मग तो बरा का नाही झाला? तुम्ही पलीकडे पोळ्या लाटत असायच्या. मी तिला घेऊन बाहेर जायची.

मला औषधांची भीती नाही. तुमची वाटते. परत माझे तोंड बघावेसे वाटले नाही तरी चालेल, पण तुम्हाला खोटी कारणे नकोत म्हणून लिहिले.

आम्रपाली


धायरी
२१ डिसेंबर

चि. आम्रपालीस जयभीम.

तुझे पत्र मिळाले. मी रागावलेली नाही. घरात कोणाला दाखवलेले नाही.

मंडळात एक पद्धत आहे. नवीन कुटुंब आले की बरे झालेल्या मुलाचे एक घर त्यांच्या सोबतीला देतात. ज्यांचे मूल गेले त्यांनी रक्तासाठी फोन करायचे, डबे पोचवायचे, नव्या आईजवळ बसायचे नाही. हे ठरले तेव्हा मीही हात वर केला होता. तुम्ही आलात तेव्हा मात्र म्हटले, ही माझ्या भावाची पोर, हिला दुसऱ्याचे घर कशाला? आमच्यातल्या दुर्गाबाईंनी तिथेच विचारले, की नियम काय फक्त परक्यांसाठी केलेत? मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही.

आज त्यांच्या घरी गेले. त्या गुलटेकडीला राहतात. त्यांचे यजमान रावसाहेब यांचा मार्केट यार्डात संत्र्यांचा गाळा आहे. मुलगा अभिनव, त्याला लहानपणी हाच आजार होता. आता कॉलेजात आहे, कॉम्प्युटर शिकतो. मी काही म्हणायच्या आत दुर्गाबाईंनी चहा ठेवला आणि विचारले, पत्ता सांगा. रावसाहेब बागा बघायला वरुडकडे येतच असतात. या खेपेला अभिनवला घेऊन तुमच्याकडे येतील. त्याला जेवायला वाढ. पुढे काय ते तू ठरव.

त्यांच्याकडे एक खोली मोकळी आहे. तू तिथे राहा. मी तिथे येणार नाही, वॉर्डातही येणार नाही. पण आता आणखी उशीर नको.

तुझी
ताई


वरुड
२९ डिसेंबर

ती. ताईस जयभीम.

पाहुणे येऊन गेले. रावसाहेब बागेत गेले आणि पोराला आमच्याकडे सोडून गेले. उंचापुरा आहे. चार भाकरी खाल्ल्या आणि वर म्हणतो, काकू, ठेचा जरा मिळमिळीत आहे. पुणेकराने वऱ्हाडात येऊन हे बोलावे! आम्रपाली चुलीपाशी बसून त्याच्याकडे बघतच राहिली होती.

त्याने अपेक्षाला सांगितले की त्याचे केस दोनदा गेले, दुसऱ्यांदा कुरळे आले. ती म्हणाली, खोटे. तो वाकला, तिने ओढून पाहिले, तो ओरडला, ती हसली. मग आम्रपाली उठली, त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली.

शनिवारी निघतो. ताई, कालपासून अपेक्षाच्या मानेत गाठ हाताला लागते आहे. सर्दी झाली आहे, त्याची असेल. तिच्या आईला मी बोललो नाही. आधीची दोघे गेली म्हणून आपल्या आईने माझे नाव कचरू ठेवले, हे मी वर्गात हसत सांगायचो. आता सांगवत नाही.

तू स्टेशनवर येऊ नको असे आम्रपालीने सांगितले आहे. मला लिहायला लाज वाटते.

कचरू


धायरी
रविवार, ९ जानेवारी २०००

चि. कचरू यास जयभीम.

तू शाळेत रुजू झालास हे कळले. गाठ सर्दीचीच निघाली आणि कमरेच्या हाडातली तपासणी स्वच्छ आली, हे तू ऐकूनच निघालास. त्यानंतरचे लिहिते.

औषध दिल्यावर गुरुवारी अपेक्षाला ताप भरला. रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या. शेजारच्यांकडे दुर्गाबाईंचा फोन आला, की एरवी तुम्ही मला बोलू देत नाही, आता नुसते ऐका आणि माणसे पाठवा. मी फोनच्या बूथवर जाऊन बसले. पहिल्या तिघांना जमत नव्हते. मग औंधच्या कॉम्प्युटर कंपनीतली मुले मिळाली. ड्यूटी संपवून तशीच आली. मी त्यांना रक्तपेढीत घेऊन गेले. एकाने विचारले, पेशंट तुमची कोण? मी म्हटले, मंडळाची मुलगी आहे.

शुक्रवारीही ताप होता. काल कमी झाला. आज उतरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, या खेपेला निभावले, पुढची तारीख चुकवू नका. ती तारीख दुर्गाबाईंनी आम्रपालीकडून तीनदा म्हणून घेतली.

काल मी रक्त द्यायला आलेल्या मुलांना चहा द्यायला रक्तपेढीतून खाली उतरले तेव्हा आम्रपाली औषधांच्या रांगेत उभी होती. वाळली आहे. तिने मला पाहिले नाही. मी मागच्या दाराने बाहेर पडले.

डबा मी इथून करून देते, हे कामावर जाताना दुर्गाबाईंकडे पोचवतात. त्या म्हणतात, डबा उघडला की ती ओळखते, आणि सगळे संपवते. अपेक्षा विचारत असते की आत्या कुठे आहे. दुर्गाबाई तिला काहीतरी सांगतात. काय सांगतात ते मी विचारले नाही.

तू आम्रपालीला पत्र लिहिशील त्यात माझे काही लिहू नको. मला मात्र लिहीत जा, आणि लहानपणापासून धरली आहेस ती माया सोडू नको. ह्यांची दुसरी पाळी आहे. भात शिजला, मी जेवून घेते.

तुझी
शालनताई