कंठन्यास

६ फेब्रुवारी
मुलुंड पूर्व. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीतून हायवे आणि त्यापलीकडे मिठागरं. उन्हात मिठाचे ढीग पांढरे दिसतात. घर आवडलं.

काशीरामआप्पा माझ्यामागून जिना चढायला लागले आणि दारात माझ्याआधी पोचले. वय चौऱ्याहत्तर. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला. कुजबुजतात, ऐकायला जवळ जावं लागतं. शेवंतीताई स्वयंपाक करतात. चाळिशीच्या, पण भिंत धरून चालतात. माझी बॅग बघून म्हणाल्या, चाळीस दिवसांक इतके कपडे? लग्नाक इलंस काय? खूप दिवसांनी हसले.

आई गेल्यापासून झोप नाही. अंधेरीच्या कॉल सेंटरमध्ये आठ वर्षं अनोळखी माणसांना धीर दिला, स्वतःला देता आला नाही. आप्पा पहिल्याच भेटीत म्हणाले, दीक्षा देताना गुरू शिष्याचं ओझं आपल्या अंगावर घेतो. त्या एका वाक्यासाठी आले.

अनुष्ठान संपेपर्यंत फोन त्यांच्या कपाटात. देण्याआधी रुचिराला कळवलं. धाकटी बहीण, ठाण्यात नर्स. म्हणाली, प्रांजलमाता झालीस तर घरच्यांना डिस्काउंट दे.

९ फेब्रुवारी
दीक्षा झाली. बाईला डाव्या कानात मंत्र देतात. तो इथे लिहिणार नाही. गुरूशिवाय मंत्र म्हणजे नुसती अक्षरं, आप्पा म्हणाले. गुरूचा श्वास त्यात शिरला की तो जिवंत होतो.

दुपारी आडवी झाले ती चार तास झोपले. उठल्यावर रडू आलं.

१४ फेब्रुवारी
आज न्यास शिकले. एकेका अंगाला बोटं लावून तिथे देवता बसवायची. आप्पांच्या परंपरेत देवतेच्या जागी गुरू. अंगाला हात लावायचा आणि म्हणायचं, हे तुमचं.

मला ते नैवेद्यासारखं वाटलं. देवापुढे ताट ठेवायचं, पाणी फिरवायचं, मग तेच ताट आपण जेवायचं. देव काही ठेवून घेत नाही.

डावा कान दिला.

२० फेब्रुवारी
डाव्या कानाने ऐकू येत नाही. आप्पांना सांगितलं. म्हणाले, ओझं उतरताना अंग जड होतं. डोक्यावर हात ठेवला. माझ्या डोक्यावर असा हात कुणी ठेवला नव्हता. बाबांनीसुद्धा.

संध्याकाळी कंठ दिला. मनापासून.

२७ फेब्रुवारी
आवाज बसलाय. मिठाच्या गुळण्या. शेवंतीताईंनी हळद घालून दूध दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

२ मार्च
आवाज नाही. कुजबुजताही येत नाही.

जपाच्या खोलीत कुणी बाई बोलत होती. मी आपली काय मदत करू शकते, असं परत परत, वेगवेगळ्या सुरांत. आठ वर्षं मी हेच वाक्य बोलले. दार ढकललं. आत आप्पा एकटेच होते.

३ मार्च
कागदावर लिहून विचारलं, परत कधी देणार. त्यांनी कागद लांब धरून वाचला. मग माझ्या आवाजात म्हणाले, परत देईन असं मी कधी म्हटलं होतं, बाळ?

मागची पानं वाचली. खरंच म्हटलं नव्हतं. नैवेद्याचं मीच ठरवलं होतं. पण ओझं घेईन, हे म्हटलं होतं. ते मी ऐकलंय. दोन्ही कानांनी.

शेवंतीताईंनी साडी वर करून गुडघे दाखवले. सुकलेले. गुडघे मियाच दिलंय गो, म्हणाल्या. बारा वर्षं झाली. तो जिनो चढता. मी दाराकडे बोट केलं. म्हणाल्या, खंय जातलंस? आवाज हयच रवतलो.

७ मार्च
आप्पांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माझा चष्मा जाड. मी कामाची नाही, असं त्यांनी फार मायेने सांगितलं. मग विचारलं, रुचिराला चष्मा आहे का. मी नाही म्हणून मान हलवली. नंतर कळलं, मी काय सांगून बसले —

१० मार्च
आप्पा रुचिराशी बोलले. माझ्या फोनवरून, माझ्या आवाजात. ये गं चिमणे, झकास जागा आहे. हो गं, झोप लागते. तू पण मंत्र घे. तिला चिमणी म्हणते हे त्यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. गळ्याला माहीत होतं.

जिन्यापर्यंत पळाले. शेवंतीताईंनी हात धरला. हात मजबूत आहेत त्यांचे, अजून.

१२ मार्च
माझ्या खोलीला बाहेरून कडी. जेवण दार जरासं उघडून आत सरकवतात. शेवंतीताई म्हणतात, तुझी बहीण गावली तर माका सोडतलो, असा तो म्हणालो. मी उजव्या कानावर हात ठेवला.

१५ मार्च
बेल.

चप्पल तिथेच काढ, असं मी म्हणते आहे. मी इथे आणि —

रुचिरा हसली. काय गं प्रांजू, आहेस कुठे, लपलीस काय? आवाज म्हणतो, अनुष्ठानात तोंड दाखवायचं नसतं, आतून बोलते. दारावर बुक्के मारले. ती विचारते, हे काय? माझाच आवाज म्हणतो, वरच्या फ्लॅटचं काम चाललंय यार, वाट लावलीय नुसती.

ती हसते. तिला पटलं.

वहीचं हे पान फाडून दाराखालून सरकवते. शेवंतीताईंची सावली तिथेच आहे, तरी —

रुचिरा, तो आवाज माझा नाही. डोळ्यांना बोटं लावायला सांगतील. हे तुमचं असं म्हणायला लावतील. तू म्हणू न