काठोकाठ

३ मार्च

आले एकदाची. लेकीकडे कायमची राहायला आले, तर दारातच तिने विचारलं, एवढंच सामान? म्हटलं, माणसाने स्वतःला उचलता येईल तेवढंच जमवावं. बाकीचं मागच्यांना ताप.

घर पाचव्या मजल्यावर, आटोपशीर. भिंती मात्र इतक्या पातळ की शेजारच्या शिलाईवालीचं मशीन आमच्याच घरात चाललंय असं वाटतं. तिचं तान्हं बाळ शिंकलं तरी इकडे कळतं. जावई लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, कायमची रात्रपाळी, त्यामुळे दिवसभर आतल्या खोलीत घोरतो. एवढा धिप्पाड की दारात उभा राहिला तर घरातला उजेड कमी होतो. स्वभावाने गरीब. मला तो कधी फारसा आवडला नाही, पण त्याने माझी खाट खिडकीशी लावून ठेवली होती, न सांगता. ही डायरीही त्यानेच दिली. गेल्या वर्षीची आहे, वार चुकतील म्हणाला. म्हटलं, माझे असेही चुकतात. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

नातीला सगळे भिंगरी म्हणतात, लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून. आता कॉलेजला सुट्टी आहे आणि सकाळपासून कॉम्प्युटरपुढच्या एकाच खुर्चीत असते. नाव बदलायला हवं.

८ मार्च

भिंगरीचा तो गेम म्हणजे काय ते आज मागे बसून मटार सोलता सोलता कळलं. पाच जणांनी एका किल्ल्यात शिरायचं, आतले राक्षस मारत शेवटच्या दरवाजातून बाहेर पडायचं. जी टोळी सगळ्यांत लवकर बाहेर पडेल तिचं नाव फळ्यावर. त्याला हे लोक धाव म्हणतात. पुढे राहून मार खातो त्याला पहाड म्हणतात. कुठल्यातरी लांबच्या गावचा पोरगा आहे, आवाज उंदराचा. आमची तलवारवाली. दोघे मागून बाण मारणारे. आणि पाचवा हीलर, म्हणजे बाकीच्यांची मलमपट्टी करणारा. प्रत्येकाच्या नावापुढे हिरवा पट्टा असतो, तो त्याचा जीव. मार बसला की पट्टा आखडतो, हीलरने मंत्र टाकला की वाढतो.

यांचा हीलर भांडून निघून गेलाय. भिंगरी तोंड पाडून बसली होती. मी म्हटलं, यात एवढं काय आहे, कोणाच्या ताटात काय संपलंय ते बघायचं आणि वाढायचं, जन्मभर दुसरं काय केलं? ती आधी हसली. मग हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

१४ मार्च

मी हीलर झाले. जावयाचा जुना लॅपटॉप मिळाला आहे. नाव ठेवलं बटवा. दुपारी सगळ्यांना वेळ असतो, तेव्हा खेळतो. बाण मारणाऱ्यांपैकी एकाने विचारलं की आजींना दिसतं का नीट. मी म्हटलं, तू सारखा चुकीच्या राक्षसाला बाण मारतोस तेवढं दिसतं.

पण धाव काही जमेना. माझा हीलर मंत्र पुटपुटायला उभा राहतो, शक्ती संपली की खाली बसून पाणी पितो, आणि बाकीचे वाट बघतात. लग्नाच्या पंगतीत वाढपीच जेवायला बसला तर कसं व्हायचं.

२० मार्च

हीलरची घडण आपल्याला हवी तशी करता येते. गुण मिळतात, ते वाटून टाकायचे. त्याला बिल्ड म्हणतात. आधीच्या हीलरची बिल्ड भिंगरीने मला दाखवली. उधळ्या माणूस होता. अंगावर जाड चिलखत, मोठे मोठे मंत्र. पहाडाला जरा ओरखडा आला की त्याचा पट्टा काठोकाठ भरायचा. पुढचा घाव त्याला अर्धाच लागणार असेल तर वरचं सगळं सांडलं ना? भांडं काठोकाठ भरणाऱ्याला घर चालवता येत नाही.

मी सगळं काढून टाकलं. चिलखत काढलं, पायात हलके जोडे घातले. मोठे मंत्र गेले, चालता चालता टाकता येतील असे छोटे ठेवले. घाव बसायच्या आधीच थोडं थोडं लावून ठेवायचं, दूध उतू जायच्या आधी गॅस बारीक करतो तसं. कोणालाही पोटभर नाही, पुढच्या दारापर्यंत पुरेल एवढंच. पहाड घाबरला, म्हणाला सारखं मरणाच्या दारात असल्यासारखं वाटतं. म्हटलं, दारातच आहेस, आत नाहीस.

वेळ बराच खाली आला. भिंगरी जोरात म्हणाली, "आजी, तू आहेस तोवर कुणी मरत नाही." आतून जावयाने हळू बोला म्हणून विनवलं.

२५ मार्च

एक मंत्र सापडला, कोणीच घेत नाही असा. नाव ओढ. आसपास ज्याच्यात सगळ्यांत जास्त जीव असेल त्याचा काढून ज्याच्यात सगळ्यांत कमी असेल त्याला देतो. शक्ती खर्च होत नाही, थांबावं लागत नाही. भिंगरी म्हणाली, निरुपयोगी आहे, आपलाच जीव आपल्यातच फिरणार. पोरीला कपाट आवरायला लावलं पाहिजे. ते दोन बाणवाले मागे उभे असतात, त्यांना कधी काही लागत नाही, त्यांचा जीव नुसता पडून आहे. तो वापरा की.

वापरला. धाव झाली. फळ्यावरच्या पहिल्या नावापर्यंत थोडंच अंतर राहिलं आहे.

२८ मार्च

थोडे गुण उरले होते. कशात घालू कळेना, आणि उरलेलं टाकून देणं माझ्या जिवावर येतं. ओढीला पल्ला असतो, म्हणजे ती किती लांबून जीव ओढू शकते ते. तो आहे तेवढा पुरत होता. तरी सगळे त्यात घातले.

दुपारी धावायला लागलो तर पाच पट्ट्यांच्या खाली सहावा दिसायला लागला. नाव नाही. लांबलचक, गच्च हिरवा. ओढ आता बाणवाल्यांना सोडून त्याच्यावरच पडत होती. मी विचार केला, गेमने दिलाय, घ्या. पाचही जण ताजेतवाने बाहेर पडले. फळ्यावर पहिलं नाव आमचं. पहाड चक्क रडला.

जावई संध्याकाळी उठला तो भिंतीला धरून. म्हटलं, झोपून झोपून दमलेला माणूस पहिल्यांदाच बघतेय. तो हसला बिचारा.

३ एप्रिल

रोज धावतो, रोज आमचाच वेळ आम्ही मोडतो.

जावयाच्या बोटातली अंगठी आज भांडी घासताना निसटून मोरीत गेली. कालपर्यंत साबण लावूनही निघत नव्हती. कॉलरमध्ये मान अशी दिसते जसा घंटेत लोलक. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक आहे म्हणे. लेक मला म्हणते, त्याला टोमणे मारू नकोस. मी गेले दोन दिवस मारलेले नाहीत. तिला कळलं नाही.

सहावा पट्टाही आता निम्मा झालाय.

५ एप्रिल

आज धाव सुरू व्हायच्या आधी मी नुसतीच उभी होते. पट्टा दिसत होता. आत जाऊन जावयाला उठवलं, दुधात भरपूर साखर घालून प्यायला दिलं. झोपेत प्याला, पुन्हा पडला. बाहेर येऊन पाहिलं.

पट्टा वाढला होता. बोटभर.

भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, आजी, योगायोग. मी तिला माझ्या जागी बसवलं, आत गेले, आणखी एक पेला पाजला.  बाहेर आले तर पट्टा आणखी वाढलेला, ती स्क्रीनकडे बघत होती, ओठ पांढरे.

भीत भीत इतकंच म्हणाली, आपण बाबांना खर्च केलं.

६ एप्रिल

सगळे गुण परत घेतले. बटवा पुसला. टोळीला सांगितलं, आजी आजारी आहे.

जावई आज दोन वेळा जेवला. दाढी केली. मी त्याच्या ताटात वाढत होते तर म्हणाला, पुरे आई, सांडेल. म्हटलं, सांडू दे.

१० एप्रिल

बरा झाला होता. कामावरही गेला होता. आज दुपारी परत झोपेतून उठेना. मी तर खेळत नव्हते.

भिंगरीला धरून बसवलं, तेव्हा बोलली. पहिलं नाव आलं त्या दिवशीच तिने माझी बिल्ड इंटरनेटवर सगळ्यांसाठी लिहून टाकली होती. कुठला गुण कुठे, जोडे कुठले, पल्ला किती. हे लोक असंच करतात, चांगली बिल्ड कोणी लपवत नाही. आजीचं नाव होईल असं वाटलं म्हणे तिला. हजारोंनी उचलली आहे.

तिने आता तिथे लिहिलं, ही वापरू नका, माणसं आजारी पडतात. लोक हसले. पहिलं नाव राखायला थापा मारते म्हणाले. एकाने लिहिलं, माझी आजीपण आजारी आहे, पण वेळ बघ माझा.

१२ एप्रिल

जावयाला दवाखान्यात नेलं. लेक तिथेच आहे.

दुपार झाली की आता ऐकू येतं. किल्ल्याचा दरवाजा उघडतानाचा तो आवाज, साखळी ओढल्यासारखा. खालच्या मजल्यावरून. मग वरून. मग जिन्यापलीकडून. मी खाली जाऊन एक दार वाजवलं. एका कॉलेजच्या पोराने उघडलं, कानावर हेडफोन. त्याला म्हटलं, बंद कर. त्याने विचारलं, आवाज येतो का, आणि दार लावलं. हळूच लावलं. चांगल्या घरचा दिसत होता.

१४ एप्रिल

बटवा परत घडवला. मंत्र एकही टाकायचा नाही, नुसतं बघायचं, कोणावर आहे ते.

पट्टा होता. भिंगरीला दूध दिलं, वाढला.

म्हणजे आता ती.

१५ एप्रिल

भिंगरी उठत नाही. डोळे उघडते, पाणी पिते. दुपारचं दार उघडायच्या आधी तिला खायला घालते, तेवढंच तिच्याकडून जातं. भोक पडलेल्या बादलीत पाणी ओततेय.

माझा पट्टा येत नाही. म्हातारीत आहेच काय ओढण्यासारखं? सगळ्यांचा जीव माझ्याखाली गेला की मग येईल माझी पाळी. शेवटची.

तिला घेऊन जावं तर कुठे? जिथे पोरं आहेत तिथे किल्ला आहे.

१६ एप्रिल

आज पट्टा छोटा आहे. कोवळा, चमकदार.

भिंगरीला दूध दिलं — हलला नाही.

शिलाईवालीकडे गेले. ती मशीनवरच डोकं टेकून झोपली होती. बाळ पाळण्यात, जागं. बाटली तोंडाला लावली. त्याला उचलून आणलं, इथे पाहिलं —

वाढला.

शिलाईवालीला हलवून उठवलं. सांगितलं, याला घेऊन जा, लांब, कुठेही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आजी, तुम्हीच काहीतरी खाऊन घ्या, तोंड बघा तुमचं.

खाऊन घ्या.

दुपार, तोच दिवस

घरात होतं ते सगळं काढलंय. दूध, साखर, तूप, पाव, कालचा भात. शिलाईवाली परत मशीनवर टेकली, म्हणून बाळ माझ्याच मांडीवर आहे, झोपलंय. जन्मभर शेवटी जेवले, उरलंसुरलं. आज पहिली बसलेय.

जास्त जीव ज्याच्यात, ओढ त्याच्यावर. मग माझ्यात जास्त पाहिजे.

पट्टा अजून बाळाचाच. खातेय.

साखर नुसतीच. घशाखाली जात नाही, ढकलतेय.

खाली साखळी वाजली. दार उघडतंय.

पट्टा थरथरला. बाळाचा, मग दुसरा, मग बाळाचा —

दुसरा. सुरकुतलेला, पिवळट हिरवा. मी तूप प्यायले, तो वाढला.

माझा आहे.

लागली. पहिली ओढ लागली. दुखत नाही. जिना चढताना पायरी चुकते तसं. हात हलका —

बाळ हसलं झोपेत.

वरचं दारही उघडलं. पलीकडचंही. सगळे माझ्याच — बरं आहे. पाव. अजून पाव. भिंगरी आतून हाक मारतेय, आवाज चांगला आहे तिचा, उठली असेल —

उठ बाई, आणि आल्या आल्या वाढ मला. विचारू नकोस. बघ कुठपर्यंत आहे ते आणि काठोकाठ —

थांबायचं नाही. पट्टा बघत राहा. बाळाच्या खाली गेला की लगेच —

आत्ता बरोबरीला आलाय. पेला कुठे