राहायचं जेवण

आप्पा, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायचंही मी सोडून दिलंय. पण काल तुमची फार आठवण झाली. आपल्या गल्लीत ती रीत अजून आहे. कुणी लांब निघालं की घराघरातून त्याला जेवायला बोलावतात. शेजारची सून नर्स म्हणून दुबईला निघाली आहे. तिला वाढता वाढता मला माझी नायजेरियाची जेवणं आठवली.

मी तेव्हा निपाणीच्या हायस्कुलात गणित शिकवत होते आणि तुम्ही तंबाखूच्या वखारीत पोती वाहत होता. नायजेरियातल्या शाळेत शिकवायचा तीन वर्षांचा करार झाला. बेळगावला जाऊन सही केली आणि परतताना तुम्ही बसच्या कंडक्टरलाही सांगितलंत, "माझी लेक आफ्रिकेत मास्तरीण व्हणार हाय." त्यानं मान डोलावली, तिकीट मात्र दोघांचंही पूर्ण घेतलं. मला तर कधी एकदा विमानात बसते असं झालं होतं. मग जेवणं सुरू झाली. कुणाकडे पुरणपोळी, कुणाकडे मटण, आणि नको म्हटलं तर राग. वाढायला असायच्या त्या पोरी सगळ्या माझ्याच. संध्याकाळी आपल्या सोप्यात गणिताला बसणाऱ्या. एका घरी पोरीची आई मला आग्रहानं पोळी वाढत म्हणाली, "तू हुतीस म्हणून हिला शाळंत ठेवलीवती. आता हिलाबी माझ्यासंगं वखारीला न्हेते. तू निर्धास्त जा बाई." तक्रार नव्हतीच तिची. मी घास तसाच हातात धरून बसले. पुढच्या घरीही तेच बोलणं निघालं. तिथली पोरगी खाली मान घालून आमटी वाढत होती. आमटी ताटाबाहेर चालली तरी तिला कळलं नाही.

मी जात नाही हे तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही न्हाणीत अंगावरची तंबाखूची धूळ धूत होता. तांब्या तसाच खाली आपटलात. "सगळ्या गल्लीचं खाल्लीस आनि आता न्हाय म्हणतीस? मी त्वांड कुठं दाखवू?"

"पोरी वखारीत जातील, आप्पा."

"तुझी आई गेलती की. मेली व्हय?"

आई चुलीपुढून म्हणाली, "मेले न्हाय. पर माझी लेक तिथं गेली न्हाय, हे लई बरं झालं."

तुम्ही बोलणं टाकलंत. भिंतीकडे तोंड करून जेवायचात, पाणी हवं असलं तर आईला सांगायचात. मीही तुमचीच लेक, मीही तोंड उघडलं नाही. गल्लीत बाहेर पडायची मला चोरी झाली. ज्यांच्या घरी पोटभर निरोप घेऊन झाला, त्यांच्यासमोर रोज नळावर उभं कसं राहायचं? माणसं घागर भरेपर्यंत माझ्याकडे बघत होती.

आणि रविवारी सकाळी बघते तर तुम्ही विहाराच्या अंगणात चुली मांडताय. घरोघरी आवतण तुम्ही स्वतः दिलंत. कसलं जेवण म्हणून लोक विचारायचे. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "जायाचं जेवान तुमी समद्यांनी घातलंसा. ऱ्हायाचं आमी घालतो." असलं जेवण कुणी कधी ऐकलं नव्हतं, लोक हसत हसतच पंगतीला बसले. तुम्ही रश्श्याचं भगुलं घेऊन मधोमध उभे राहिलात. "पोटभर खावा. पर ज्याच्या घरात पोरगी शाळंत हाय, त्यानं ती शाळंतच ठेवायची. न्हायतर सांगा आत्ताच, हिला धाडतो नायजेरियाला!" आख्खी पंगत हसली. मी पोरींबरोबर भाकरी वाढत होते. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला आप्पा, की एक मागेल त्याला मी दोन भाकरी वाढत सुटले.

सगळ्यांनी ऐकलं असं नाही. जिच्या हातून आमटी सांडली तिला त्याच वर्षी वखारीत घातलंच. पण बाकीच्या बऱ्याच जणी दहावी झाल्या. त्यातली एक आज बेळगावच्या कोर्टात वकील आहे, कंग्राळीला तिनं घर बांधलंय. आणि वखारीत गेली तिनं पुढं आपल्या लेकीला हाताला धरून माझ्या सोप्यात आणून बसवलं. मला म्हणाली, "बाई, हिला सोडू नगा."

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तेव्हा गिळलेलं एक सांगून टाकते. त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी ट्रंक परत भरायला घेतली होती. तुमचा अबोला मला सोसवेना, आणि खरं सांगायचं तर आफ्रिका बघायचीही होतीच. सोमवारी 'जाते' म्हणून सांगायचं मी ठरवलं होतं. आणखी एक दिवस रुसून बसला असतात आप्पा, तर तुमच्या मनासारखं झालं असतं.