रेडिएटरचा पंखा आणि झेंडूचा हार

चिंचवड,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, १९८१

स्नेही रहिमानभाई यांस,

उद्धवचा सलाम आणि खातूनभाभींना नमस्कार. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं. आता मिरजेत तरी समोरची म्हैस म्हैसच दिसत असेल (दापोडीला तुमचं गॅरेज होतं तेव्हा एकीला तुम्ही ‘जरा बाजू द्या, भाईसाब’ म्हणाला होतात). इकडे सगळे ठीक, एक गाडी सोडून.

आपली फियाट तापते, हे तुम्हाला नवीन नाही. इंजिनाचा पंखा आता फक्त फिरल्यासारखं करतो. शेवटी गिरजाबाईने जाहीर केलं, की दसऱ्याला देहूरोडला तिच्या माहेरी जाताना गाडी रस्त्यात उकळली, तर ती काळेवाडीच्या भंगारवाल्याला जाईल. म्हणून मी लष्कराच्या मोडीतला, बॅटरीवर चालणारा एक पंखा मिळवला. आता तो रेडिएटरच्या पुढे बसवून वारा आत ढकलायचा, की मागे बसवून ओढून घ्यायचा? प्रश्न एवढाच, पण इथे कारखाने आल्यापासून तज्ज्ञ फार झालेत. शेजारचा कोंडीराम शिफ्टवरून आला तो डबा हातात तसाच धरून म्हणाला, “मागंच, राव. आमच्या कंपनीत सगळं मागूनच ओढतात.” (तो कंपनीत गेटवर असतो.) मेहुणे यशवंतरावांची जमीन गेली, पण बैल डोक्यातून गेले नाहीत. ते म्हणाले, “बैल गाडीच्या म्होरं जुपत्यात का मागं? मग पंखा बी म्होरंच. ह्यात इचारायचं काय हाय?” मागे जेमतेम बोट शिरेल एवढी जागा, त्यामुळे बैल जिंकले. पंख्यासमोर उदबत्ती धरून पाहिली. धूर सुतासारखा सरळ आत गेला.

दसऱ्याला गिरजाबाईने गाडीची पूजा केली, नारळ फोडला आणि पुढच्या जाळीवर मनगटाएवढा जाड झेंडूचा हार बांधला. पंखा नेमका त्या जाळीमागे आहे, हे आम्हा तिन्ही तज्ज्ञांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. निगडी गेली, इंजिनाच्या उष्णतेचा काटा चढला, मी पंख्याचं बटण दाबलं (घराच्या घंटीचं आहे, घंटी सध्या बंद). पंख्याने तो हार शेवयांसारखा आत घेतला. पाकळ्या रेडिएटरच्या फटींत गच्च बसल्या आणि देहूरोडच्या अलीकडे गाडी उकळली. वाफेला झेंडूचा वास होता. मागच्या सीटवरून यशवंतराव म्हणाले, “देवीला पोचला म्हनायचं.” गिरजाबाईने एवढंच विचारलं, भंगारवाला रविवारी येईल का.

गाडी गार होईपर्यंत रस्त्याकडेला बसलो आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पुण्याहून येताना दापोडीच्या पुढे ती हटकून तापायची, तुम्ही बॉनेट उघडून ‘तिला दम खाऊ द्या’ म्हणायचात, मी विहिरीवरून डबा भरून आणायचो, आणि बाभळीखाली आपली गावभरची उणीदुणी निघायची. अकबरचं लग्न आपण तिथेच ठरवलं (ती लवकर गार झाली असती, तर तुम्हाला दुसरी सून आली असती). आता तिथे कारखान्याची भिंत आहे. विहीर बुजवली. नव्या गाड्या तापत नाहीत, त्यामुळे कुणी थांबतही नाही.

आपला,
उद्धव

ता. क. : भंगारवाला रविवारी येऊन गेला. गिरजाबाईने त्याला चहा पाजला आणि ‘रहिमानभाईंनी हात टेकल्याशिवाय गाडी विकायची नाही’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा लवकर या. त्या बोटभर जागेतही पंखा मागे बसेल अशी पट्टी तुम्हीच घडवू शकाल. येताना सामान आणा.

पुन्हा ता. क. : सामान आणू नका. पाकळ्या काढल्या, गाडी चालते आहे. पुणे स्टेशनवर तुम्हाला घ्यायला तीच आणतो. पंखा मात्र उतरवून माळ्यावर ठेवला आहे. दापोडीच्या पुढे ती तापली पाहिजे.