ह्यांच्या पोटातले बिऱ्हाडकरू

ती. वन्संच्या चरणी धाकट्या भावजयीचा नमस्कार.

तुमचं पार्सल मागल्या सोमवारी पोचलं. आत स्वेटर एक (बटणांचा, जन्मभर गावाच्या कपड्यांना काजं केलेल्या तुमच्या भावाची बटणं हल्ली मी लावते), एरंडेलाची बाटली एक, झाकण सैल, त्यामुळे थोडं एरंडेल स्वेटरही प्यायला. टपालाला ऐंशी मोजलेत. एवढ्यात इथे दोन बाटल्या आल्या असत्या, पण मायेचा भाव कोण करणार? तुमचा गुडघा कसा आहे?

आता ह्यांच्या कंपवाताचं. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, चाल पाहिली आणि विचारलं, पोट कधीपासून साफ होत नाही? मी म्हटलं, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. त्यांना आनंदच झाला. म्हणाल्या, आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. बरेचसे सज्जन. ह्या आजारात त्यांचा मेळ बिघडतो, आतड्याला सूज येते आणि तिची झळ मेंदूपर्यंत पोचत असावी. (असावी हं. नक्की कुणालाच ठाऊक नाही. मला त्यांचा हा खरेपणा आवडला.) एकत्र कुटुंब म्हणा की! एकाचं बिनसलं की माडीवरच्यांनाही झोप नाही.

तर त्यांनी शौचाचा नमुना मागितला. पाहुणे यायचे म्हणजे आपण घर झाडून घेतो. मी आदल्या दिवशी ह्यांना कडक उपास घडवला आणि तुमचं एरंडेल पाजलं. उगाच लोकांनी नावं ठेवायला नकोत. बाईंनी डबी पाहिली, मग मला पाहिलं.

“अहो काकू, आम्हाला बिऱ्हाडकरूंची शिरगणती करायची होती. तुम्ही तर सगळ्यांना बाहेर काढलंत!”

आता पुढच्या महिन्यात पुन्हा. त्यानंतरचा उपाय ऐकाल तर पदर नाकाला लावाल. निरोगी, तपासलेल्या माणसाच्या शौचातले जंतू काढून, त्यांच्या गोळ्या करून गिळायच्या. आपलं विरजण बिघडलं की शेजारून आणतो, तसं. अजून प्रयोगच आहे. निम्म्यांना नुसत्या पोकळ, जंतू नसलेल्या गोळ्या मिळणार, कुणाला कोणत्या ते सांगणार नाहीत. हे म्हणाले, “आजवर कुणाचं उष्टं खाल्लं नाही, आता हे खाऊ?” आणि संमतीचा कागद परत केला. मलाही ते पटलंच. सोवळ्याओवळ्याचं काही आहे की नाही?

तुमची,
भावजय

ता. क. पत्र ह्यांनी वाचून, मान डोलावून परत दिलं. आता माडीवर पडले आहेत, म्हणून खरं लिहिते. मला ह्यांचं नाही म्हणणं मुळीच पटलेलं नाही. देवालाही त्या गोळ्यांचं विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे त्याची हरकत नसावी.

दुसरा ता. क. वन्सं, ह्यांचा चेहरा हल्ली हलत नाही. आमटी खारट झाली की गोड लागली, मला कळत नाही. त्या डबीच्या दिवशी मात्र रिक्षात ह्यांचे खांदे गदगदत होते. रडताहेत वाटून मी घाबरले, तर हसत होते! गुण येईल की नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. पण एवढं माणूस आत शिल्लक असताना मी सोवळं कवटाळून कशी बसू? लहानपणी तुम्ही ह्यांना नाक दाबून औषध पाजायचात. ह्या वेळी सही त्यांनी राजीखुशीने करायला हवी, नाक दाबून चालायचं नाही. पण ऐकतील तर तुमचंच. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. चार ओळी उलट टपाली लिहा. पाकिटावर नाव त्यांचंच घाला, आणि मी काही बोलले होते हे त्यात येऊ देऊ नका.