शार्दूलच्या पाठीवरचा हिरवा पट्टा

कडाव,
रविवार (चहा झाला आहे, राग उतरलेला नाही)

चि. सौ. उज्वलास दादाचा सप्रेम जय भीम.

तुझ्या गुडघ्याचं भिसेगावच्या जिन्याशी जमलं का? तुझी मेघा जनावरांच्या दवाखान्यातल्या नोकरीत रमली का? इकडे मी आणि शार्दूल ठीक आहोत. (पूर्ण नाव शार्दूलविक्रीडित. गावठी कुत्र्याला वृत्ताचं नाव दिलं म्हणून गाव हसतं. हसो. भुंकताना यती बरोबर घेतो तो.)

आता अपमान ऐक. मंगळवारी कुठल्याशा प्राण्यांच्या संस्थेची सुरभी नावाची मुलगी लशी घेऊन आली आणि भर सभेत म्हणाली, की आपले कुत्रे डोंगरात उंडारतात, त्यांचा डिस्टेंपर नावाचा रोग कोल्ह्या-तरसांना लागतो, आणि रोगी कुत्रा खाल्ला तर बिबट्यालाही. अगं, बिबट्याने नेऊ नये म्हणून आपण पिढ्यानपिढ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधला, आणि आता बिबट्याला कुत्र्यापासून जपायचं? मी उठून विचारलं, बिबट्याने जेवणाआधी दाखला मागायचा का? ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, दाखला तुम्हीच घेऊन ठेवा ना. त्याला वाचता येत नाही." सगळे हसले. शेजारचा नागू तर ओरडला, "बसा आता आबा, कोल्ह्याला कविता कळत नाय!"

मी तडक घरी आलो. लस टोचलेल्या कुत्र्याच्या पाठीवर तिच्या संस्थेची पोरं हिरवा पट्टा ओढत होती. माझ्याकडे बैलांच्या शिंगांचा हिरवा रंग उरलेला होता. शार्दूल भाकरी खात असताना मीच ओढला. (त्यांच्यापेक्षा सरळ आला.) संध्याकाळी तो बघून, पोरांनी टोचलं असं समजून ती "शाब्बास आजोबा" म्हणाली आणि वहीत नोंद करून गेली. ते शाब्बास अजून घशात अडकलं आहे.

कारण शुक्रवारी भर दुपारी नागूच्या बांधावर कोल्हा आला. डोळ्यांत पू, झोकांड्या खातोय, माणसाला भीतही नाही. दिवेलागणीपर्यंत गेला. कशाने, ते तपासल्यावर कळेल म्हणतात. तुला आठवतं, आपण ओट्यावर कविता घोकायचो आणि डोंगरावरून कोल्हे पुढची ओळ घ्यायचे? आता एकच ओरडतो आणि ओ मिळेना म्हणून गप्प होतो. मला भयंकर संताप आला आहे, पण कोणावर करावा ते ठरत नाही. शार्दूल अजून रोज वर जातो.

तुझा दादा,
धर्माजी

ता.क. पुढच्या रविवारी मेघाला पाठव. बर्फात लस आणि तोंडाला बांधायची जाळी आणायला सांग.

ता.क. दुसरा. माझा विरोध तत्त्वाचा होता असं गावाला वाटतं, ते तसंच राहू दे. "मालकाने कुत्रा धरायचा" असा सुरभीचा नियम होता. आठ वर्षांत शार्दूलने मला अंगाला हात लावू दिलेला नाही. पट्टाही बांबूला कुंचला बांधून ओढला.

ता.क. तिसरा. लस एक नको, सात आण म्हणावं. माझा पट्टा बघून नागूसकट आणखी सहा जण आपापले कुत्रे घेऊन आले होते. सातव्या कुत्र्याला रंग संपला, नाहीतर अख्खं कडाव निरोगी झालं असतं.